तालमीतील बाल-लेझीम वर्ग : चळवळ्या मुलांच्या पालकांसाठी एक परीक्षण

कोल्हापुरातील एका जुन्या तालमीत सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी संध्याकाळचा लेझीम वर्ग चालतो. आमचा मुलगा तिसरीत आहे आणि गेल्या दिवाळीनंतर तो या वर्गाला जाऊ लागला. ‘मूल एका जागी टिकत नाही’ हे वाक्य शाळेकडून, शेजाऱ्यांकडून आणि घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून कंटाळलेले आणि त्यावर काहीतरी उपाय शोधणारे पालक आमच्या ओळखीतच पुष्कळ आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. तालमीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे काही उणिवाही मोकळेपणाने लिहायच्या आहेत आणि अशा धर्तीचे वर्ग अन्यत्रही भरत असल्याने नावापेक्षा तेथील पद्धत समजणे वाचकाच्या अधिक कामाचे आहे.

प्रथम निष्कर्ष सांगतो. वर्ग चांगला आहे, शुल्काच्या मानाने फारच चांगला आहे. परंतु त्याच्या पत्रकात जे कारण छापले आहे त्या कारणासाठी तो चांगला नाही. पत्रकावर ‘मुलांची जादा ऊर्जा जिरवा’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. मूल दमले की शांत होईल, अशी समजूत त्यामागे आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात आढळते. प्रत्यक्षात मात्र चळवळे मूल तासभर नुसते धावले की घरी येताना अधिक उधळलेले असते, चपला एकीकडे, पिशवी दुसरीकडे आणि जेवणाच्या ताटावर वेगळीच लढाई, हा अनुभव अनेकांना असेल. या वर्गाचे खरे बलस्थान दमवण्यात नसून थांबवण्यात आहे. तालावर हालणे मुलांना कोणी फारसे शिकवावे लागत नाही. तालाबरोबर थांबणे मात्र शिकवावे लागते, आणि येथे ते फार कसोशीने शिकवले जाते.

वर्ग आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी एक तासाचा असतो. कुस्तीच्या हौद्याला लागून असलेल्या पत्र्याच्या छताच्या दालनात तो भरतो. फरशी शहाबादी आहे आणि मुलांना अनवाणी उभे राहावे लागते. शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘वस्ताद’ म्हणतात. त्यांच्याबरोबर हलगी वाजवणारे एक वयस्कर कलावंत येतात, त्यांना मुले ‘मामा’ म्हणतात. कधीकधी घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्ये वाजवणारेही सोबत असतात, पण रोजच्या सरावाला एक हलगीच पुरते. पावसाळी हवेत कातडे सैल पडते आणि आवाज बसतो, म्हणून मामा वर्गाआधी दालनाच्या दाराशी जुन्या वर्तमानपत्राचा कागद पेटवून हलगी त्यावर फिरवत शेकतात आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून पाहतात. या वेळी एरवी एकमेकांच्या अंगावर पडणारी मुले त्यांच्याभोवती गोल करून, आगीपासून हातभर अंतर राखून, कान देऊन उभी असतात. टिचकीचा आवाज ‘बद्द’ येतो की ‘टण्ण’ येतो यावर त्यांच्यात पैजा लागतात. ऐकण्याचा पहिला धडा येथेच होतो आणि तो कोणी धडा म्हणून देत नाही.

प्रारंभीची काही मिनिटे केवळ चालण्यात जातात. हलगी संथ वाजते आणि मुले दालनभर कोणत्याही दिशेने, पण एकमेकांना धक्का न लावता, ठेक्यावर पाऊल टाकीत फिरतात. लय वाढते तसे चालणे वाढते, मग धावणे होते, आणि अचानक हलगी बंद होते. त्या क्षणी ज्याचे पाऊल जेथे असेल तेथे थांबावे, एक पाय हवेत असेल तर तो हवेतच राहावा, असा नियम आहे. ‘हलगी गप झाली की पाय बी गप’ एवढेच वस्ताद सांगतात. पुतळ्याचा खेळ आपण सर्वांनीच लहानपणी खेळलेला आहे, त्यामुळे यात नवे काय, असे वाटू शकते. नवे इतकेच की येथे चुकणाऱ्याला बाद करीत नाहीत. पुतळ्याच्या खेळात जे मूल सर्वांत चळवळे असते तेच सर्वांआधी बाद होते आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून इतरांना चिमटे काढीत बसते. म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज त्यालाच सर्वांत कमी सराव मिळतो. वस्तादांनी हा साधा दोष ओळखलेला आहे. चुकणाऱ्या मुलाला ते हलगीच्या अगदी जवळ उभे करतात आणि पुढची फेरी त्याच्या पावलांकडे पाहून वाजवण्याची खूण मामांना करतात. मूल ज्या लयीत चालत असते ती लय हलगी आधी धरते आणि मग हळूहळू त्याला आपल्या लयीत ओढून नेते. हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे.

त्यानंतरचा खेळ ‘उलटा’ या नावाने ओळखला जातो आणि माझ्या मते संपूर्ण तासातील तो सर्वांत मोलाचा भाग आहे. हलगी जोरात वाजली तर चवड्यांवर हळुवार चालायचे आणि हलगी अगदी हळू वाजली तर पाय आपटीत चालायचे. शरीराला जे आपसूक करावेसे वाटते त्याच्या नेमके विरुद्ध करणे असा हा प्रकार आहे. अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या मेगन मॅक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांचे आत्मनियंत्रण मोजण्यासाठी तयार केलेली एक चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. त्या चाचणीत ‘डोक्याला हात लाव’ म्हटले की पायाच्या बोटांना आणि ‘पायाच्या बोटांना’ म्हटले की डोक्याला हात लावायचा असतो, आणि पुढे त्यात गुडघे व खांदेही येतात. सूचना ऐकणे, नियम लक्षात ठेवणे आणि पहिली ऊर्मी आवरणे ही तिन्ही कामे मुलाला एकाच वेळी करावी लागतात. वस्तादांनी ही चाचणी पाहिली असण्याची शक्यता नाही, पण त्यांचा खेळ तिच्या फार जवळ पोचला आहे. आमचा मुलगा पहिले कित्येक दिवस मोठ्या आवाजाला मोठेच पाय आपटीत असे. पुढे तो पाय उचलून मध्येच अडखळू लागला, आणि हे अडखळणे पाहून वस्ताद समाधानाने म्हणाले, ‘आता कळायला लागलंय त्याला.’ पाय उचलला गेला आणि खाली येण्यापूर्वी आवरला गेला, यालाच ते प्रगती समजतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकात असा रकाना नसतो.

लेझीम त्यानंतर हातात येते. सुमारे दीड फुटी लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी आणि साखळीत चकत्या, ही शाळेत सर्वांनी पाहिलेली लेझीम येथे वापरली जाते. धनुष्यासारखी, लोखंडी साखळीची, वजनदार अशी व्यायामाची जुनी लेझीम केवळ दाखवण्यापुरती खुंटीला टांगलेली आहे. पहिला हात, म्हणजे लेझमीचा ठरावीक प्रकार, ‘चार आवाज’ हा असतो. लेझीम उघडमीट करीत चार मात्रांत चार स्वच्छ आवाज काढायचे, आणि मधल्या वेळी चकत्या किणकिणू द्यायच्या नाहीत. लेझीम हे वाद्य या बाबतीत मोठे कडक शिक्षक आहे, कारण हात उगाच हलला की ते लगेच बोलते. तबला किंवा पेटी शिकताना चूक गुरूला ऐकू येते. येथे ती वाजवणाऱ्यालाही तत्क्षणी ऐकू येते आणि कोणी रागावण्याची गरज उरत नाही. पुढे ‘आदी लगाव’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’, ‘पीछे फलांग’ असे हात क्रमाने येतात. आदेश जुन्या कवायतीच्या हिंदीतच दिले जातात आणि मुलांना त्याचे भारी कौतुक आहे. ‘पीछे फलांग’ हा हात आमच्याकडे सध्या स्वयंपाकघरातही चालतो, त्याबद्दल तालमीला दोष देता येणार नाही.

साखळी आणि दांडा यांच्या मध्ये बोटाची कातडी चिमटण्याचा प्रकार सुरुवातीला होतो. लहान मुलांसाठी दांड्याला मुठीपाशी कापडी पट्टी गुंडाळलेल्या लेझमी ठेवल्या आहेत, पण त्या पुरेशा नाहीत आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला उघडी लेझीम येते. घरून पट्टी गुंडाळून स्वतःची लेझीम न्यावी, हे बरे.

या वर्गाआधी आम्ही मुलाला एका नृत्यवर्गात घातले होते. तेथे मोठ्या पडद्यावर गाणे लागे, ध्वनिवर्धकावर ठेका घुमे आणि मुले पडद्यावरील हालचालींची नक्कल करीत. तो वर्ग वाईट होता असे म्हणता येणार नाही. काही मुलांना तो मनापासून आवडत असे. पण ध्वनिमुद्रित गाणे मुलासाठी थांबत नाही. जो मागे पडला तो गाणे संपेपर्यंत मागेच राहतो, आणि मागे पडलेले चळवळे मूल आपला वेगळा कार्यक्रम सुरू करते. समोर बसलेला माणूस वाजवीत असेल तर चित्र बदलते. लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळापूर्व वयाची मुले ठोका धरताना यंत्रापेक्षा किंवा नुसत्या ध्वनिमुद्रित आवाजापेक्षा समोरच्या माणसाबरोबर अधिक चांगली जुळवून घेतात असे आढळले होते. त्याच दोघांनी पुढच्या वर्षी चार वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात एकत्र गाऊन-वाजवून नाचलेली मुले नंतर एकमेकांना अधिक मदत करताना दिसली. हे अभ्यास लहान गटांवरचे आहेत आणि त्यावरून हलगीला औषध ठरवणे चुकीचे होईल. तरी वर्ग निवडताना पालकांनी विचारण्याचा पहिला प्रश्न ‘वाजवणारा माणूस आहे का’ हा असावा, असे मला वाटू लागले आहे.

युरोपातही हीच वाट एका संगीतशिक्षकाने शतकापूर्वी चोखाळली होती. एमिल जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) हे जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात शिकवीत असताना त्यांच्या असे लक्षात आले की विद्यार्थ्यांना स्वरलेखन वाचता येते, बोटे वेगाने चालतात, पण लय अंगात उतरलेली नसते. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना पियानोवर स्वतः उत्स्फूर्त वाजवीत चालायला, वळायला आणि थांबायला लावले. त्यातून त्यांची लयबद्ध हालचालींची शिक्षणपद्धती घडली आणि १९१५ साली जिनिव्हात तिच्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. त्या पद्धतीतही वाजवणारा मुलांकडे पाहून वाजवतो, हा गाभा आहे. मोठ्या शहरांत संगीत आणि हालचालींचे जे वर्ग आज परदेशी नावांनी आणि चांगल्या घसघशीत शुल्कात चालतात त्यांची मुळे बहुतांशी दालक्रोझ आणि त्यांच्यानंतर म्युनिकमध्ये १९२४ पासून काम करणारे कार्ल ऑर्फ यांच्या विचारांत आहेत. त्या वर्गांना कमी लेखण्याचा हेतू नाही. मात्र ज्या गावात हलगी, लेझीम, झांज आणि वारीची पावली हे सर्व जिवंत आहे तेथील पालकांनी आधी कोपऱ्यावरची तालीम पाहून यावी.

तासाचा शेवट बसून होतो. सर्व मुले गोलात मांडी घालतात आणि टाळी देत एक ते आठ आकडे म्हणतात. पुढच्या फेरीत ‘आठ’ मनात म्हणायचा, त्यापुढच्या फेरीत ‘सात’ आणि ‘आठ’ दोन्ही मनात, असे करीत शेवटी सगळेच आकडे मनात राहतात, टाळ्याही थांबतात आणि मग पुढचा ‘एक’ सर्वांनी एकदम मोठ्याने म्हणायचा. पंचवीस मुलांनी आठ मात्रा गप्प बसून काढणे ही चेष्टा नव्हे. कोणीतरी मध्येच ‘पाच!’ म्हणून फुटतो, सगळे हसतात, आणि मामा हलगीवर एक टिपरू हळूच मारून पुन्हा सुरुवात करून देतात. ज्या संध्याकाळी तो ‘एक’ खरोखर एकदम येतो त्या संध्याकाळी मुले दाराबाहेर धावत न येता काहीशी रुबाबात चालत येतात. पालकांनी बाहेर पायऱ्यांवर थांबायचे असते. दालनात येऊन मोबाइलवर चित्रण करण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे, कारण आई किंवा बाबा दारात दिसले की अर्धा वर्ग त्यांच्यासाठी नाचू लागतो.

मुलामध्ये फरक काय पडला, हे प्रत्येकजण विचारतो. गृहपाठाला बसवणे अजूनही तितकेच कठीण आहे. वर्गात बाकावर बोटांनी ठेका धरण्याची सवय गेलेली नाही. उलट आता तो ठेका अधिक शुद्ध झाला आहे, असे त्याच्या बाईंनीच हसत सांगितले. फरक पडला तो थांबण्यात. कॅरम खेळताना दुसऱ्याची पाळी असताना सोंगटीला हात लावणे कमी झाले. रस्त्यावर ‘थांब’ म्हटले की पाऊल खरोखर थांबते, आणि ज्यांच्या मुलाचा हात रंकाळ्याच्या रस्त्यावर हातातून निसटलेला असेल त्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. यात वय वाढण्याचा वाटा किती आणि हलगीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. वस्तादही तसा दावा करीत नाहीत. पत्रक मात्र करते. ‘एकाग्रतेची हमी’ हे शब्द त्यातून काढून टाकले पाहिजेत.

येथे एक गोष्ट गांभीर्याने लिहिणे आवश्यक आहे. चळवळे असणे आणि एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता यांचा विकार) असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. निदानाच्या प्रचलित निकषांनुसार लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, बारा वर्षे वयाआधी दिसू लागलेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळणारी असावी लागतात, शिवाय त्यामुळे मुलाच्या रोजच्या जगण्यात अडथळा येत असावा लागतो. असे वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जावे. लेझमीच्या वर्गाला घातले म्हणून ती भेट पुढे ढकलू नये. आमच्या तुकडीत असे निदान झालेले एक मूल आहे, त्याचे उपचार चालू आहेत आणि ते वर्गातही आनंदाने येते. वस्तादांनी त्याच्या आईकडून त्याला काय झेपते आणि काय झेपत नाही हे आधी विचारून घेतले होते. उपचार आणि वर्ग दोन्ही एकत्र चालू शकतात.

आता उणिवा. सर्वांत मोठी अडचण आवाजाची आहे. पत्र्याच्या छताखाली हलगी आणि पंचवीस लेझमी एकत्र वाजल्या की आवाज अक्षरशः आदळतो. ज्या मुलांना मोठा आवाज सहन होत नाही, आणि चळवळ्या मुलांत अशी मुले थोडी नसतात, त्यांच्यासाठी ही जागा अयोग्य आहे. शेजारच्या एका मुलीला पहिल्याच दिवशी कानांवर हात घेऊन बाहेर यावे लागले आणि ती पुन्हा गेली नाही. छताला आतून सुतळीच्या गोण्या किंवा जाड पडदे लावले तरी पुष्कळ फरक पडेल, आणि एकाच वेळी सर्व लेझमी वाजवण्याऐवजी अर्ध्या मुलांनी वाजवावे व अर्ध्यांनी टाळी धरावी, असेही करता येईल. दोन्ही सूचना देऊन झाल्या आहेत. दुसरी बाब म्हणजे तालमी पूर्वापार पुरुषांच्या असल्याने मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह तेथे नाही. तुकडीत आता जवळजवळ निम्म्या मुली आहेत, तेव्हा ही सोय यापूर्वीच व्हायला हवी होती.

तिसरी उणीव माझ्या दृष्टीने अधिक खोल आहे. श्रावण उजाडला की वर्गाचा स्वभाव बदलतो. गणपतीच्या मिरवणुकीत मुलांचे पथक उतरवायचे असते आणि त्यासाठी रांगा, गणवेश, कोण पुढे आणि कोण मागे, याची धावपळ सुरू होते. लेझीम समूहाने एकसारखी खेळली की दुरून विलक्षण देखणी दिसते. १९८२ मध्ये दिल्लीला झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात महाराष्ट्राची लेझीम सादर झाली, ती याच गुणामुळे. पण दुरून देखणे दिसण्याची किंमत जवळून मोजावी लागते. सरावाच्या त्या आठवड्यांत ‘उलटा’ बंद होतो, आकडे मनात म्हणण्याचा खेळ बंद होतो, आणि जे मूल अजून चुकते त्याच्या हातात लेझमीऐवजी झेंडा दिला जातो. झेंडा घेऊन ताठ उभे राहणे हे ज्याला सर्वांत अवघड, त्यालाच ते काम मिळते. मिरवणूक नको, असे माझे म्हणणे नाही. कोल्हापुरात तसे कोणी म्हणूही नये. परंतु लहान तुकडीला मिरवणुकीऐवजी तालमीच्या अंगणात घरच्यांपुढे एखादी संध्याकाळ दिली तर प्रत्येकाच्या हातात लेझीम राहील.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. पत्रकावर वस्तादांचे छायाचित्र आहे, तालमीच्या पदाधिकाऱ्यांची नावे आहेत, हलगीवादकाचा मात्र उल्लेखही नाही. हलगी ही कला प्रामुख्याने मातंग समाजातील कलावंतांनी पिढ्यानपिढ्या सांभाळली आहे, आणि कुस्तीच्या मैदानापासून लग्नाच्या वरातीपर्यंत तिच्याशिवाय काही होत नसताना वाजवणाऱ्याचे नाव मात्र कोणाला ठाऊक नसते, ही जुनी खोड येथेही आहे. या वर्गात मुलांना लय शिकवण्याचे निम्म्याहून अधिक काम मामा करतात. त्यांना दरमहा ठरावीक मानधन मिळते, सुपारी मिळेल तेव्हाच कमाई अशी स्थिती नाही, ही तालमीच्या बाजूची चांगली गोष्ट नोंदवली पाहिजे. नाव छापायला जागा लागते ती एका ओळीची.

शुल्क महिना पाचशे रुपये असून लेझीम तालमीकडून वापरायला मिळते. एका घरातील दुसऱ्या मुलाला निम्मे शुल्क आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार व्यायाम हवा. आठवड्यातील हे तीन तास त्या हिशेबात निम्म्यालाही पोचत नाहीत, तेव्हा वर्ग लावला म्हणून संध्याकाळचे मैदान बंद करू नये. उरलेल्या दिवशी घरी स्वतंत्र सरावाची गरज नाही. ताटावर चमच्याने ठेका धरून चालणे-थांबणे खेळले तरी चालते, आणि ज्या घरात आजी आहे तेथे झिम्मा, फुगडी व ‘किस बाई किस’ हे मंगळागौरीचे खेळ वर्षभर खेळायला कोणाची हरकत नसावी. मुलग्यांनीही ते खेळावेत. फुगडीत समोरच्याचा तोल सांभाळल्याशिवाय आपला सांभाळला जात नाही.

ज्या मुलाला आवाजाची भीती नाही, ज्याचे हात सतत काहीतरी वाजवीत असतात आणि ज्याला रांगेत उभे राहणे जड जाते, त्याला येथे जरूर पाठवावे. सहा वर्षांखालील मुलांसाठी तास मोठा पडतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ‘उलटा’ पोरकट वाटू शकतो. त्यांना वस्ताद लवकरच झांजेकडे वळवतात आणि तेथील पावले बऱ्यापैकी अवघड आहेत. प्रवेश वर्षभर चालू असला तरी जुलै-ऑगस्टमध्ये घेऊ नये, कारण त्या वेळी नवीन मुलाकडे पाहायला कोणाला सवड नसते. दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा आठवडा सर्वांत चांगला. तेव्हा तुकडी लहान असते, हवा कोरडी असल्याने हलगी फारशी शेकावी लागत नाही, आणि पहिला आठवडा शुल्क न भरता बसून पाहता येतो. जाताना अंगात सैल कपडे, पाण्याची बाटली आणि कानात घालायला थोडा कापूस एवढे सोबत असावे.